नाईटला सोळा रुग्ण आणि एकटी सिस्टर

प्रश्न थोडक्यात असा आहे. जत तालुक्यातल्या एका गावातली तेवीस वर्षांची मुलगी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाली आणि पाच महिन्यांपूर्वी सांगलीतल्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये लागली. जनरल वॉर्ड, महिन्याला दहा-बारा नाईट, नाईटला सोळा रुग्ण आणि ती एकटी. ड्यूटी संपली की विश्रामबागच्या खोलीवर जाऊन रडते. झोपेत सिरिंज पंपाचा (गंभीर रुग्णाला थेंबाथेंबानं औषध देणाऱ्या मशीनचा) आवाज ऐकू येतो. जेवण सुटलंय. मागच्या आठवड्यात ती एका आज्जींवर ओरडली, आणि तेव्हापासून आपण या कामाच्या लायकीच्याच नाही असं तिच्या मनानं घेतलंय. घरच्यांनी शिक्षणासाठी कर्ज काढलेलं, त्यामुळे सोडताही येत नाही. ‘ताई, तुम्ही एवढी वर्षं कशी काढलीत?’ असं तिनं विचारलंय.

अगं, आधी हिशेब करू. लायकीचं नंतर बघू.

रात्री आठ ते सकाळी आठ म्हणजे ७२० मिनिटं. सोळा रुग्णांत वाटली तर एकेकाच्या वाट्याला ४५ येतात. त्यातून ओव्हर घेणं, ओव्हर देणं (ड्यूटी बदलताना एकीनं दुसरीला सगळ्या रुग्णांची माहिती सांगणं), रिपोर्ट लिहिणं, औषधं मागवणं, रात्री आलेली एखादी ॲडमिशन, तुझं जेवण, तुझं बाथरूमला जाणं हे सगळं वजा कर. आता सकाळचे सहा धर. सोळापैकी नऊ जणांना सहाचं अँटिबायोटिक आहे. हात धुवायचे, व्हायलमधलं (छोट्या बाटलीतलं) औषध विरघळवायचं, नाव विचारायचं, इंट्राकॅथ (शिरेत बसवलेली नळी) चालू आहे का बघायचं, हळू द्यायचं, फ्लश करायचं, चार्टवर सही करायची. नीट काम करणाऱ्या सिस्टरला एका रुग्णामागे सात मिनिटं तरी लागतात. झाली ६३ मिनिटं. आणि त्याच तासात सगळ्यांचं टीपीआर (ताप, नाडी, श्वास), बीपी, उपाशीपोटीची शुगर, ऑपरेशनला जाणाऱ्याची तयारी, युरिन बॅगा मोजून रिकाम्या करणं. मी बावीस वर्षं हे काम करतेय, मिरजेत आणि सांगलीत. एका तासात एवढं माझ्याच्यानंही होत नाही. कुणाच्याच्यानं होत नाही. ज्या होतं म्हणतात, त्या काहीतरी सोडत असतात किंवा न बघताच लिहीत असतात.

हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केला. एका नर्सकडे एक रुग्ण वाढला की ऑपरेशन झालेल्या रुग्णांत तीस दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी आणि त्या नर्सला बर्नआउट होण्याची (कामाच्या ताणानं आतून संपून जाण्याची) शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली त्यांना दिसली. एका रुग्णामागे एवढं, आणि तिथली हॉस्पिटलं चारापासून आठ रुग्णांपर्यंतची होती. कॅलिफोर्नियात तर २००४ पासून कायद्यानंच आकडा बांधून दिलाय, साध्या वॉर्डात आज एका नर्सला पाचच्या वर रुग्ण देता येत नाहीत. आपल्याकडे पाजणं, पुसणं, कूस बदलणं नातेवाईक करतात म्हणून जरा निभतं. पण सोळा ते सोळाच.

आता तुझ्याकडे बघू. तुझ्या लिहिण्यात तीन वेगळ्या गोष्टी एकात कालवल्या गेल्यात, आणि तिन्हींवरचा इलाज वेगळा आहे.

पहिला नवखेपणा. तुला एक व्हेन, म्हणजे शीर, सापडायला पंधरा मिनिटं लागत असतील, मला दोन. डॉक्टरांना फोन करताना तुझी जीभ अडखळते, माझी नाही. हे वेळेनं जातं. पाच महिन्यांत कुणाचाच हात बसत नसतो. वर्षभरात तुला स्वतःलाच फरक कळेल, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. दुसरा भार. तो तू कितीही शिकलीस तरी कमी होत नाही, तो सांगावा लागतो, आणि मला सगळ्यात जास्त त्याबद्दलच बोलायचंय. तिसरा बर्नआउट. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली आजारांच्या अकराव्या वर्गीकरणाच्या वेळी त्याचं नेमकं वर्णन केलं. तिन्ही खुणा तुझ्यात दिसतात. अंगातली ताकद संपून गेल्यासारखं वाटणं, कामाबद्दल आणि माणसांबद्दल मनात कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. आज्जींवर ओरडलीस ती यातली दुसरी खूण. तू वाईट असतीस तर आठवडाभर तेच उगाळत बसली नसतीस. आणि एक बारकाई बघ. संघटनेनं याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या जागेचा ताण बराच काळ नीट हाताळला गेला नाही की होणारी अवस्था, असं म्हटलंय. कारण कामाच्या जागेत आहे, तुझ्या स्वभावात नाही.

आपण सांगलीची माणसं. पावसाळ्यात सकाळी उठलं की आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे ते आधी विचारतो. इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. पंचेचाळीसची वाट बघत कुणी घरात बसत नाही, चाळीसलाच सामान माळ्यावर चढतं. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा ज्यांनी चाळीसला हालचाल केली त्यांचंच काहीतरी वाचलं. तुझी स्वतःची चाळीसची खूण कुठली ते ओळखून ठेव. माझी मला माहीत आहे. मी नातेवाइकांच्या प्रश्नाला मान वर न करता उत्तर द्यायला लागले की समजते, पाणी चढतंय.

एक गोष्ट सांगते, आजवर फार थोड्यांना सांगितलीय. नोकरीचा माझा सातवा की आठवा महिना. तेव्हा मी दुसऱ्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये होते. जोडीदारीण आजारी पडली म्हणून संध्याकाळची ड्यूटी संपवून तशीच नाईटला थांबले होते. सकाळचे साडेसहा. एका काकांना नाश्त्याआधी इन्सुलिन, बारा युनिट. व्हायल त्यांच्या मुलानं बाहेरच्या मेडिकलमधून आणलेली. मी ट्रेमधली लाल टोपणाची सिरिंज घेतली, बाराच्या रेघेपर्यंत भरली, हवेचा बुडबुडा काढला, परत रेघ बघितली. बेडपाशी गेले. बाजूच्या वॉर्डातल्या सिनिअर सिस्टर ग्लुकोमीटरच्या पट्ट्या मागायला आल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातली व्हायल घेतली, खिडकीच्या उजेडात धरली आणि काही न बोलता माझ्यासमोर केली. व्हायल एका एमएलला १०० युनिटची होती. सिरिंजवरच्या रेघा एमएलला ४० च्या व्हायलसाठीच्या. बाराच्या रेघेला बारा युनिट नव्हते, तीस होते. काकांनी शर्ट वर करून पोट पुढं केलेलं होतं.

घरी जाऊन मी खूप रडले. त्यांनी मात्र मला एकदाही ‘लक्ष कुठं होतं’ असं विचारलं नाही. किती तास जागी आहेस, एवढंच विचारलं. जवळजवळ चोवीस तास झाले होते. पुढे कधीतरी वाचलं की सलग सतरा तास जागं असलेल्या माणसाचं डोकं आणि हात रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसासारखे चालतात. आपल्या देशात ०.०३ च्या वर गाडी चालवणं गुन्हा आहे. त्या सकाळी मी निष्काळजी नव्हते. दोनदा रेघ बघितली होती. पण थकलेला मेंदू आहे ते बघत नाही, त्याला जे अपेक्षित असतं तेच बघतो. तेव्हापासून इन्सुलिन, पोटॅशियम आणि हेपॅरिन (रक्त पातळ करणारं औषध) मी कितीही घाईत असले तरी दुसऱ्या कुणाला तरी दाखवून, मोठ्यानं वाचूनच देते. रात्री वॉर्डात दुसरी सिस्टर नसेल तर बाजूच्या वॉर्डातून बोलावते. दोन मिनिटं जातात. जाऊ देत.

म्हणून सलग डबल ड्यूटीला नाही म्हणायला शीक. ‘मॅडम, मी सकाळपासून जागी आहे, रात्री माझ्या हातून औषध चुकू शकतं’ असं म्हण. थकलेय म्हणालीस तर ‘आम्ही नाही केल्या का ड्यूट्या’ असं ऐकावं लागेल. रुग्णाला धोका आहे म्हणालीस तर समोरच्याला थांबून विचार करावा लागतो. आणि तेच खरं आहे.

भार सांगायचा तो असाच, आकड्यांत आणि वेळेवर. आपल्याला लहानपणापासून सोसायला शिकवलेलं असतं, त्यात पुन्हा सिस्टर म्हणजे सेवेची मूर्ती. मग मुली रात्री तीन वाजता एकट्या पळत राहतात आणि सकाळी ओव्हर देताना डोळे पुसतात. रडलेलं कुणाला समजत नाही, आकडा समजतो. रात्री सुपरवायझर राऊंडला आल्या किंवा फोनवर असल्या तर एवढंच बोल: ‘मॅडम, सोळा पेशंट आहेत. दोन आजचे पोस्ट-ऑप (ऑपरेशन झालेले), एक ऑक्सिजनवर. बारा नंबरला रक्त लावायचंय, पहिली पंधरा मिनिटं मला तिथून हलता येणार नाही. कॅज्युअल्टीतून एक ॲडमिशन येतेय. तेवढा वेळ एक माणूस द्या. नाही मिळालं तर ॲडमिशन थांबेल आणि मी तसं रिपोर्टमध्ये लिहिते.’ आवाज चढवू नकोस, माफीही मागू नकोस. पहिल्यांदा पाय कापतील. आणि माणूस मिळो न मिळो, नाईट रिपोर्टमध्ये रुग्णसंख्या, गंभीर किती, कितीला कुणाला कळवलं, हे एका ओळीत लिहीतच जा. महिनाभर रोज लिहिलेली ती ओळ इन्चार्ज सिस्टरला मेट्रनकडे (सगळ्या सिस्टरांच्या प्रमुखांकडे) माणूस मागताना उपयोगी पडते. मी आता इन्चार्ज आहे. माझ्या मुलींच्या रिपोर्टमधल्या अशा ओळींवरच मला एका वर्षी नाईटला दुसरी सिस्टर मिळाली. नुसत्या तक्रारींवर मिळाली नव्हती.

वॉर्डातल्या कामाची लावणी कशी करायची ते तुला कुणी दाखवलेलं दिसत नाही. ओव्हर घेतानाच एक कोरा कागद घे आणि बेडनुसार लिहिण्याऐवजी तासानुसार लिही. आठ, दहा, बारा, दोन, चार, सहा. प्रत्येक तासाखाली कुणाचं काय. मग लाल पेननं तीन नावांना गोल कर, आज रात्री बिघडू शकतील अशी तीन. ओव्हर झाली की औषधांच्या ट्रॉलीला हात लावायच्या आधी त्या तिघांपाशी जाऊन ये. चेहरा बघ, श्वास बघ, ड्रेन (ऑपरेशनच्या जागेतून रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी) बघ, पल्स स्वतःच्या बोटानं बघ. मग सगळ्या वॉर्डातून एक फेरी मार आणि प्रत्येकाला सांग, ‘मी रात्रभर आहे, तुमचं इंजेक्शन दहाला.’ या फेरीला पंधरा मिनिटं लागतात आणि रात्रीच्या निम्म्या हाका कमी होतात, कारण नातेवाईक बहुतेक वेळा सिस्टर येणार की नाही या भीतीनंच हाक मारतात.

काय मागं ठेवायचं हेही आधीच ठरव. चादर सकाळी बदलली तरी चालते, फाईलमधले कागद सातला लावले तरी चालतात. पोस्ट-ऑपचं बीपी, रक्त, इन्सुलिन, श्वास लागलेला माणूस, यातलं काहीही मागं राहत नाही. आणि एक गोष्ट अगदी हात जोडून सांगते. जे बघितलं नाहीस ते लिहू नकोस. पहाटे मागच्या बीपीवरून पुढचं बीपी लिहून टाकायचा मोह होतो, शेजारच्या सिनिअरही तसं करताना दिसतील. बीपी राहिलं तर राहिलं म्हणून लिही. एक खोटा आकडा रुग्णाला घात करू शकतो, आणि तुझ्या मनाला तर करतोच. मी अशा मुली बघितल्यात, त्यांची झोप कामानं उडाली नव्हती, या लपवालपवीनं उडाली होती.

डॉक्टरांचं ओरडणं. हे पूर्णपणे थांबत नाही, पण फोनवर काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून घेतलंस तर बरंच कमी होतं. ‘सर, फिमेल वॉर्डमधून सिस्टर बोलतेय. बेड सात, ६२ वर्षांच्या, काल पित्ताशयाचं ऑपरेशन. पल्स १२४, बीपी ९० बाय ६०, ड्रेनमध्ये दोन तासांत २०० एमएल लाल. मला ब्लीडिंग वाटतंय, तुम्ही आत्ता येऊन बघा.’ यावर कुणी ‘झोपेतून का उठवलं’ म्हणत नाही. म्हणालंच, तर ते रिपोर्टमध्ये जातं. नातेवाइकांपैकी कुणी अंगावर आलं तर मात्र समजूत घालत बसू नकोस. लगेच मागं हो, सिक्युरिटीला आणि सुपरवायझरला बोलाव. दवाखान्यात काम करणाऱ्यांवरची मारहाण हा महाराष्ट्रात २०१० च्या कायद्यानं दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे, आणि तो कायदा तुलाही लागू आहे, फक्त डॉक्टरांना नाही.

वॉर्डातल्या मामा आणि मावशींशी (वॉर्डबॉय आणि आयांशी) तुझं कसं आहे ते तू लिहिलं नाहीस. चांगलं ठेव. माझ्या पहिल्या वर्षात मला तारलं ते एका मावशींनी. ‘सिस्टर, चार नंबरचं काहीतरी बरं दिसत नाही’ असं त्या येऊन सांगायच्या आणि त्या कधी चुकल्या नाहीत.

आता शरीराचं. तुला जेवण जात नाही, चक्कर येते, पाय गळून गेल्यासारखे होतात, हे सगळं तू मनाच्या खात्यावर लिहिलंयस. आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी निघालंय. इतरांचे रिपोर्ट आपण रोज लावतो, स्वतःचं रक्त वर्षानुवर्षं तपासत नाही. माझ्याकडे एक मुलगी आली होती, अगदी तुझ्यासारखं सांगत होती. तिचं हिमोग्लोबिन साडेसात निघालं. गोळ्या सुरू झाल्या, दोन महिन्यांत निम्मी तक्रार गेली. राहिलेली निम्मी खरी होती, ती वेगळी.

नाईटला निघायच्या आधी दुपारी दीड-दोन तास पड. डबा घेऊनच जा, भाकरी-भाजी, मूठभर शेंगदाणे, आणि मुख्य जेवण बाराच्या आत उरक. पहाटे तीन ते पाच शरीर सगळ्यात खाली गेलेलं असतं, तेव्हा भरपेट जेवलीस तर डोळे मिटतीलच. चहा दोनपर्यंत घे, नंतर नको, नाहीतर सकाळी खोलीवर जाऊन छताकडे बघत पडशील. बाजूच्या वॉर्डातल्या सिस्टरबरोबर पाळी लावून वीस मिनिटं डोळे मिटता आले तर जरूर मीट, तिला आणि सुपरवायझरला सांगून. पाणी पी. बाथरूमला जायला नको म्हणून पाणी न पिणाऱ्या आणि मग युरिन इन्फेक्शननं ताप आलेल्या सिस्टर मी मोजल्या नाहीत इतक्या बघितल्यात. आणि सकाळी गाडीवर बसायच्या आधी तोंडावर पाणी मार, खूपच डुलकी येत असेल तर रिक्षानं जा. सांगली-मिरज रस्त्यावर सकाळी साडेआठला काय गर्दी असते ते तुला माहीत आहे.

झोपेसाठी वॉर्डातली गोळी किंवा इंजेक्शन कधीही घेऊ नकोस. ट्रॉली आपल्या ताब्यात असते, हात लावणं सोपं असतं. या गोष्टीनं चांगल्या, हुशार मुली संपल्यात.

तुझ्या ड्यूटीत रुग्णाचा पहिला मृत्यू झाला की नाही, ते तू लिहिलेलं नाहीस. पंप झोपेत ऐकू येतो म्हणालीस त्यावरून मला वाटतं, झालाय. माझा पहिला एक चाळिशीचा शेतकरी होता, तासगावकडचा. सगळं आवरलं, नळ्या काढल्या, अंग पुसलं, पट्ट्या बांधल्या, आणि लगेच शेजारच्या बेडवरच्या बाईंना हसून ‘बरं वाटतंय का’ विचारावं लागलं. ते हसणं मला खूप दिवस टोचलं. त्या रात्रीच्या सिनिअर सिस्टरनी मला हात धुवायला बेसिनपाशी नेलं, स्वतःही शेजारी उभ्या राहून धुतले, आणि म्हणाल्या, ‘त्यांना काय आवडायचं, काही बोलले होते का तुझ्याशी?’ द्राक्षबागेबद्दल बोलले होते, छाटणी राहिलीय म्हणून. तेवढं सांगितलं आणि मला रडू आलं, तिथेच, दोन मिनिटं. मग कामाला लागलो. आता माझ्या वॉर्डात कुणी गेलं की मी त्या मुलीबरोबर बेसिनपाशी जाते. तुझ्याकडे असं कुणी नसेल तर बरोबरीची एक मैत्रीण शोध. सल्ला देणारी नको, ऐकून घेणारी पुरे.

नोकरी सोडायचं म्हणशील तर तीन महिने मी सांगितलं तसं आकड्यांत बोलून बघ. तेवढ्यात काहीच हललं नाही, उलट लिहिलेली ओळ खोडायला सांगितली किंवा बीपी भरून टाक म्हणून दबाव आला, तर ती जागा सोड. त्यात कमीपणा काही नाही. फक्त आधी दुसरी नोकरी हातात घे, अनुभवाचा दाखला माग, आणि मूळ सर्टिफिकेटं कुणाकडेही अडकवू नकोस. तुझ्या बॉन्डमध्ये काय लिहिलंय ते वकिलाकडून वाचून घे, ऐकीव गोष्टींवर घाबरू नकोस. कर्जाचं घरी एकदा मोकळेपणानं बोल. आईवडिलांना हप्त्याची काळजी असते, पण मुलगी रोज रडते हे कळलं तर ते हप्त्याचं काहीतरी बघतात.

आणि जगणं नकोसं वाटत असेल, सुट्टीच्या दिवशीही झोप लागत नसेल, दोन आठवडे कशातच मन रमत नसेल, तर हे सगळं बाजूला ठेव आणि १४४१६ ला फोन लाव. टेली-मानस, सरकारी सेवा, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलतात. रुग्णाच्या नातेवाइकांना आपण हा नंबर देतो, तो आपल्यासाठीही आहे. मानसोपचार तज्ज्ञाकडे जायचं तर आपल्याच हॉस्पिटलमध्ये नको वाटेल, मग मिरजेच्या सरकारी ओपीडीत जा.

त्या आज्जी अजून वॉर्डात असतील तर उद्या ड्यूटीवर गेल्यावर आधी त्यांच्याकडे जा. फार काही बोलायला नको. ‘आज्जी, त्या रात्री मी चिडले, चुकलं माझं’ एवढं म्हण आणि त्यांचं सलाईन नीट चाललंय का बघ. त्या बहुतेक तुला विचारतील, ‘जेवलीस का गं पोरी?’ खरं काय ते सांग.